चमचाभर युरिया आणि दहा इंची कुंडी

लखनऊ छावणीतल्या बंगल्यांपुढे या दिवसांत शेवंतीच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात. तिथले माळी तिला गुलदाउदी म्हणतात. सिकंदरबागेतल्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत डिसेंबरात शेवंतीचे प्रदर्शन भरते, त्यामुळे त्या शहरात कुंडीतली शेवंती हा हौसेइतकाच इभ्रतीचाही विषय आहे. बदलीवर तिकडे गेलेले मराठी वाचक ऑक्टोबरात विचारतात ते बहुतेक एकच. रोप जोमदार आहे, पाने काळपट हिरवी आहेत, पण त्यांची टोके पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली आहेत आणि कळीचा पत्ता नाही. आता काय द्यावे? काहीही देऊ नये. त्या रोपाला नत्र जास्त झाले आहे.

हे होते कसे, ते रोपवाटिकाधारकांनी नीट समजून घ्यायला हवे, कारण यात आपलाही वाटा आहे. शेवंतीची छाटकलमे जून-जुलैत लागतात. पुढचे दोन महिने पावसाचे. कुंडीच्या भोकातून नायट्रेट वाहून जाते, रोप फिकट दिसते, म्हणून माळी आठवड्याला सरसोंच्या खळीचे (मोहरीच्या पेंडीचे) आंबवलेले पाणी घालतो. तोवर ते योग्यच आहे. शेवंती खादाड आहे आणि वाढीच्या काळात तिला नत्र लागतेच. सप्टेंबरअखेर पाऊस थांबतो, खळी मात्र थांबत नाही. वर कोणी तरी चमचाभर युरिया टाकतो. धुऊन नेणारे पाणी आता नाही, त्यामुळे दिलेले सगळे कुंडीतच साठते.

त्या चमच्याचा हिशेब करून पाहा. चमच्यात सुमारे ५ ग्रॅम युरिया मावतो आणि त्यात ४६ टक्के नत्र. दहा इंची कुंडीचे तोंड म्हणजे एका चौरस मीटरचा विसावा भाग. या दराने एकराला ४५ किलोच्या नऊ गोण्या होतात, हेक्टरी सुमारे ४६० किलो नत्र. कुंडीतली माती नांगरटीच्या थराइतकीच खोल असते, म्हणून ही तुलना अवास्तव नाही. लखनऊतच दिलकुशा भागात १९५२ पासून भारतीय ऊस संशोधन संस्था आहे. उसाची भूक कोणाला सांगायला नको. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, आणि ते पीक जवळजवळ दीड वर्ष उभे राहते, हप्त्याहप्त्याने खाते. वीतभर रोपाला आपण त्याहून जास्त एका दिवसात घालतो.

उपाय ठरवण्याआधी साठलेले नत्र कोणत्या रूपात आहे ते पाहावे लागते. युरिया कालच पडला असेल तर तो पाण्याबरोबर सहज निघून जातो. लगेच भरपूर पाणी द्या. नायट्रेटही मातीकणांना चिकटत नाही. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी थांबत थांबत दिले तर बराच भाग खालून निघतो. ईसी मीटर असेल तर शेवटी गळणारे पाणी तपासा. अमोनियमचे मात्र तसे नाही. ते मातीला धरून राहते, आणि गारठा पडल्यावर त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. अशा वेळी कुंडी चिंब ठेवली तर मुळे गुदमरतात आणि दुखणे वाढते. मिश्रणात कच्चे शेणखत किंवा सावकाश विरघळणारे दाणे असतील तर धुण्याने फारसे साधत नाही. वरचा थर खरवडून काढा किंवा रोप सरळ नव्या, खत न घातलेल्या मिश्रणात हलवा.

एवढे केले की दहा दिवस हात आवरा. वळलेली पाने पुन्हा सरळ होणार नाहीत, ती खुडूही नका. नवी पाने कशी येतात ते पाहा. तोल साधण्यासाठी पोटॅश घालणारे पुष्कळ भेटतात. तो नत्रावरचा उतारा नव्हे, क्षारांत आणखी एक भर आहे. माव्यावर मात्र लक्ष ठेवा. लुसलुशीत शेंड्यांवर तो आधी येतो.

शेवंतीला निदान दिवसमानाचा आधार आहे. दिवस लहान झाले की ती फुलते. उशीर झाला तरी हंगाम अगदीच बुडत नाही. जी झाडे दिवसमान न पाहता वयावर फुलतात त्यांना ही सवड नाही. परदेशात परवान्याने वाढवल्या जाणाऱ्या गांजाच्या ‘ऑटोफ्लॉवर’ जाती याचे ठळक उदाहरण आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये वर्णन केलेल्या ‘कॅनाबिस रुडेरॅलिस’पासून त्यांच्यात हा गुण आला. बीपासून काढणीपर्यंत साधारण दहा आठवडे. त्यातले पहिले तीन नत्राच्या माऱ्यात गेले तर रोपाला सावरायला वेळच उरत नाही. आपल्याकडे एनडीपीएस कायदा, १९८५ खाली ही लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि आमचा तो विषय नाही. पण बुटका झेंडू आणि हंगामी फुलझाडे पिशवीत वाढवणाऱ्या प्रत्येकाला तोच नियम लागू आहे: ज्याचे आयुष्य थोडे, त्याला खत कमी आणि पातळ.

आता आपल्या वाट्याबद्दल. गिऱ्हाईक गर्द हिरवे रोप उचलते, म्हणून विक्रीच्या आधी नत्राचा हात देण्याची सवय धंद्यात मुरली आहे. घेणारा घरी जाऊन पुन्हा खत घालतो, कारण आधी काय घातले ते त्याला कोणी सांगितलेले नसते. हे चुकीचे आहे. येत्या हंगामात प्रत्येक कुंडीला आणि पिशवीला एक चिठ्ठी लावा: शेवटचे खत कोणते, कोणत्या तारखेला, आणि पुढचे कधी.