घर कुत्र्याचे, माप कुत्र्याचे

आज थोडी आमची चूक सांगून मग कामाचे बोलणार आहोत.

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात. घर बांधून झाल्यावर बरेच चिरे उरले होते. त्यातून अंगणात मोत्यासाठी ऐसपैस घर बांधले. माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढे दार आणि वर पत्रा. येणारे-जाणारे कौतुक करीत. मोत्या मात्र पहिल्या पावसातच तिथून निघाला. तिरकी सर दारातून थेट मागच्या भिंतीपर्यंत जाई, गिलावा नसलेला चिरा पाणी ओढी, पत्रा रात्रभर वाजे. तो पडवीत येऊन गोणपाटावर झोपू लागला. आम्ही त्याला हट्टी ठरवले आणि साखळीने त्या घरापाशी बांधले. श्रावणातल्या एका रात्री बिबट्याने त्याला नेले. सकाळी साखळी आणि तुटलेला पट्टा तेवढा उरला होता. हट्टी मोत्या नव्हता, आम्ही होतो.

आता आमच्याकडे राणी आहे. या वेळी सुताराला बोलावण्याआधी आम्ही टेप घेतली आणि राणीचे माप घेतले.

मापे तीन. पहिले, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. राणीचे ३४ इंच भरले. त्यात पाव हिस्सा मिळवला की घराची लांबी येते, म्हणजे साधारण ४२ इंच. दुसरे, ती बसलेली असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत. ते २६ इंच होते. वर चार इंच मोकळे धरून आतली उंची ३० इंच. रुंदीही तेवढीच ठेवली, म्हणजे तिला आत वळता येते आणि पाय पसरून पडता येते. तिसरे, उभी असताना खांद्यापर्यंतची उंची, २० इंच. दार त्याहून थोडे बुटके, १६ इंच उंच आणि १३ इंच रुंद केले. कुत्रा मान वाकवून सहज आत जातो, पाऊस मात्र बाहेर राहतो. पिल्लू आणले असेल तर मोठेपणीचे माप धरा आणि तोपर्यंत आत एक फळी आडवी लावून जागा लहान करा.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो. म्हणून दार पूर्वेला असावे. छप्पर उतरते असावे, दारावर आठ-नऊ इंच पुढे आलेले. पत्रा घातलात तर त्यावर झावळ्यांचे झाप टाका. पावसाचा आवाज कमी होतो आणि मे महिन्यात आत भट्टी होत नाही. वळचणीखाली वारा खेळायला फट ठेवा. छप्पर बिजागरीवर उघडणारे केले तर कानाकोपऱ्यातल्या गोचिडी साफ करता येतात. आत गोणपाट नको, ते ओल धरून ठेवते. भाताचा कोरडा पेंढा घालावा आणि ओलसर वाटला की बदलावा.

घर चार दगडांवर सहा इंच उचलून ठेवा, पण खालची जागा रोज दिसेल अशी मोकळी हवी. चिऱ्यांचा ढीग शेजारी नको, कारण आपल्या कातळावर फुरशांची कमी नाही आणि त्यांना दगडांच्या सांदी आवडतात. सावली आंब्याची चालेल. माडाखाली किंवा फणसाखाली घर ठेवू नका. वरून काय पडेल ते सांगायला नको!

आता रात्रीचे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. बिबट्या कुत्र्यासाठी अंगणात येतो, आणि ज्या अंगणात कुत्रा बांधलेला असतो त्याच अंगणात आपली मुलेही पहाटे उठून येतात. म्हणून अंधार पडला की राणी लोखंडी जाळी लावलेल्या पडवीत. तिचे घर लाकडी आणि बेताचे असल्याने दोघांनी उचलून आत ठेवता येते. मोत्याचे चिऱ्यांचे घर हलवता आले नसते. पडवीला जाळी नसेल तर कुत्र्याला घरातच घ्या. नुसत्या फळीच्या दारावर भरवसा ठेवू नका.

आणि साखळी? १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कलम ११ आहे. हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी, रुंदी, उंचीच्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा त्यात गुन्हा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी बांधलेल्या जीवाला पळताही येत नाही, एवढे आम्हाला कळायला हवे होते.

चिऱ्यांचे ते घर अजून अंगणात आहे. त्यात आता सरपण ठेवतो. राणीच्या लाकडी घराला मात्र कोणी कौतुकाने थांबत नाही. ती त्यात दुपारभर निवांत झोपते.