सोलापूरचा के दिहुआ

शिजियाझुआंग! नाव घेतानाच जीभ दोनदा अडखळते. बीजिंगपासून सुमारे २८० किलोमीटरचे अंतर आगगाडीने सव्वा तासात तोडले. एवढ्या वेळात आम्ही कोल्हापूरकर फार तर मिरज गाठतो! शहर कोटीभर वस्तीचे. रस्त्यातून विजेवरच्या दुचाक्यांचे थवेच्या थवे जातात, पण आवाज म्हणून नाही. महाद्वार रोडला सरावलेल्या माझ्या कानांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. चहा मागितला, तर पेल्यात नुसती पाने तरंगत आली. ना दूध, ना साखर!

अशा या परक्या गावी मी गेलो होतो एका सोलापूरकरासाठी. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदुस्थानातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. आपल्याकडे घरोघरी ते ठाऊक झाले कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या बोलपटामुळे.

त्यांची समाधी विचारताना ‘कोटणीस, कोटणीस’ म्हणून पाहिले. कोणाला काही उमगेना. ‘के दिहुआ’ म्हणताच मात्र एक आजीबाई हसल्या आणि थेट हुतात्म्यांच्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत सोबत आल्या. ‘हुआ’ म्हणजे चीन. १९६२ साली दोन्ही देश लढले, सीमेचे भांडण आजही मिटलेले नाही. पण सोलापूरच्या मुलाला दिलेले नाव काही त्या आजीबाईंनी परत घेतले नव्हते.