वय ११०, जन्मतारीख १ जून: शंभरीच्या आजोबांचं खरं वय कसं ओळखायचं?

डोक्याला फेटा, हातात काठी आणि खाली कॅप्शन, 'वय ११०, रहस्य ज्वारीची भाकरी'. सातारा-सांगलीकडच्या आजी-आजोबांचे असे रील्स सतत फिरत असतात. कॉमेंट्समध्ये जुन्या खाण्याचं कौतुक सुरू होतं. दीर्घायुष्याचा अभ्यास करणारे मात्र आधी दुसरंच विचारतात: जन्माची नोंद कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेत भारतात शंभरी गाठलेले सहा लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. त्याच सुमारास जपानमध्ये हा आकडा ५० हजारांच्याही आत होता, आणि जपानी माणूस सरासरी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी आयोगाने देशातले शंभरीपुढचे मतदार सांगितले २.१८ लाख. मतदार यादी आणि जनगणना वेगळ्या, हे खरं. तरी एवढी तफावत म्हाताऱ्यांची नाही, कागदांची आहे.

कारण आपल्या घरातच सापडेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही तारीख अर्ध्या गावाचा वाढदिवस असते. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीकडे तर तेवढाही पुरावा नाही. हा घोळ आपलाच आहे असंही नाही. २०१० मध्ये जपानने तपासलं, तेव्हा कुटुंब नोंदवहीत 'हयात' असलेल्या शंभरीपुढच्या दोन लाखांहून जास्त लोकांचा पत्ताच लागला नाही.

मग शरीरालाच विचारलं तर?

इथे एपिजेनेटिक्स येतं. डीएनएमधली अक्षरं जन्मभर जवळपास तीच राहतात, पण त्यांच्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बसतात. कुठलं जनुक चालू राहील, कुठलं गप्प बसेल, यात या खुणांचा हात असतो. वय वाढतं तशा ठरावीक जागी त्या वाढतात किंवा पुसल्या जातात. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागा वापरून वय सांगणारं 'घड्याळ' तयार केलं. २०१५ मध्ये इटलीतल्या अभ्यासात शंभरीपुढच्या लोकांचं हे जैविक वय त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी ८.६ वर्षांनी कमी निघालं.

पण 'कमी' हे कागदावरच्या वयाच्या तुलनेत. नव्वदीच्या आजोबांचं वय ११० लावलं, तर त्यांचं शरीर आपोआप वीस वर्षांनी तरुण दिसणार, आणि श्रेय भाकरीला जाणार.

जुन्या नोंदी अगदीच नाहीत असं नाही. कुणबी नोंदी शोधताना गावोगावची जन्म-मृत्यूची रजिस्टरं, म्हणजे गाव नमुना १४, बाहेर निघाली. मोडीतली ती पानं जातीसाठी वाचली गेली. वयासाठीही वाचता येतील.

या भागाचा खरा प्रश्न

खरं तर माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांसाठी शंभरीपेक्षा मोठा प्रश्न दुष्काळाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भ राहिलेली मुलं साठीला आली, तेव्हाही वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी होत्या. पुण्यातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रासह काही संस्थांचा उंदरांवरचा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न दिलं, तरी मधुमेहाकडे नेणारा बिघाड सुधारला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण आईच्या पोटातली भूक लगेच पुसली जात नाही, एवढं दोन्हीकडे दिसतं.

१९७२ च्या दुष्काळात गरोदर बायकाही खडी फोडायला गेल्या, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. ज्या रोजगार हमीने तेव्हा चुली पेटत्या ठेवल्या, तिचा प्रयोग वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्याच विसापूर भागात आधी केला होता. त्या वर्षी पोटात असलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या वयात आली आहे. रील्समध्ये ती दिसत नाही. जैविक घड्याळ लावायचंच असेल, तर आधी तिला लावायला हवं. तिच्याही दाखल्यावर १ जून असेल, पण वर्ष चुकण्याची शक्यता कमी. 'दुष्काळात झालेला' म्हटलं की गावाला साल विचारावं लागत नाही.