पेटारा एक, वग अनेक

दोस्तांनो, पोफळीहून एका सातवीतल्या वाचकाने विचारलंय, "गेमला इंजिन असतं म्हणतात. ते बसवतात कुठे?" बरोबरच आहे! ज्याच्या गावी डोंगराच्या पोटात कोयनेच्या पाण्यावर टर्बाइनं फिरतात, त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? पण हे इंजिन लोखंडाचं नाही. ते समजायला पॉवर हाऊसपेक्षा शिमग्यातलं नमन बरं.

नमनात मृदंग तोच, झांजा त्याच, संकासूरही ठरलेला. बदलतो तो वग. नव्या वगासाठी कुणी नवा मृदंग करायला बसत नाही.

आता अमेरिकेत चला. 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज लुकासच्या कंपनीत, लुकासफिल्म गेम्समध्ये, रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक एक गेम रचत होते : 'मॅनिअॅक मॅन्शन'. विचित्र बंगला, आत अडकलेली मैत्रीण आणि तिला सोडवायला निघालेली पोरं. कॉम्प्युटर होता कमोडोर 64. त्याची मेमरी फक्त 64 केबी! मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावायचा नाही. गिल्बर्ट आधी सगळं असेंब्ली भाषेत लिहायला बसला. एक दार उघडायचं तर ढीगभर सूचना. तेव्हा चिप मॉर्निंगस्टार या सहकाऱ्याने सुचवलं, की आधी गोष्ट सांगायची सोपी भाषाच बनवू. तिचं नाव 'स्कम'. इंग्रजीत त्याचा अर्थ पाण्यावरची मळी! तिच्या जोडीच्या प्रोग्रॅमांना तर थुंकी, पित्त असली नावं दिली होती. मोठी माणसंसुद्धा काय करतील!

1987 साली गेम आला. त्याआधी 'किंग्ज क्वेस्ट'सारख्या गेममध्ये आज्ञा टाइप करावी लागे. स्पेलिंग चुकलं की गाडी अडली. (मराठी शाळेतल्या आम्हा मंडळींची दांडीच उडाली असती.) इथे 'उघड', 'ढकल', 'दे' असे शब्द पडद्यावरच मांडलेले. शब्द निवडा, वस्तू निवडा, झालं.

खरी गंमत आत होती. गोष्ट एका फाइलीत आणि ती वाचून चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. हा वाचणारा म्हणजेच इंजिन. त्याला बंगला ठाऊक नाही, मैत्रीणही नाही. म्हणून तोच पेटारा, सुधारत सुधारत, 'मंकी आयलंड'ला (1990) चालला, 'फुल थ्रॉटल'लाही (1995). 1997 पर्यंत कंपनीने तो वापरला.

मग जुने कॉम्प्युटर माळ्यावर गेले. गेमही गेले असते. पण 2001 मध्ये स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेयसने आणि त्याच्या साथीदाराने नवा वाचणारा लिहायला घेतला, 'स्कमव्हीएम'. जगभरच्या हौशी लोकांनी तो वाढवला. गोष्टीच्या फाइली जुन्याच, वाचणारा तेवढा नवा. त्यामुळे 1987 चा तो बंगला आज मोबाइलवरही उघडतो.

तर पोफळीकर मित्रा, तुझ्या शाळेच्या व्हरांड्यात गेम घडवायचा झाला, तर पडद्यावर कोणती नऊ क्रियापदं ठेवशील? 'पळ' एकदाच हं! लिहून पाठव.