उतारा पुढे, नकाशा मागे

गोव्यातल्या मये गावात जमिनीची गोष्ट निघाली की ‘कस्टोडियन’ हा शब्द येतोच. मुक्तीनंतर मयेच्या कोंदाची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जमीनदाराची, जमीन १९६४ च्या कायद्याखाली स्थलांतरितांची मालमत्ता ठरून सरकारी कस्टोडियनकडे गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे आपल्याच घराखालच्या मातीला परकी झाली. २०१४ मध्ये विधानसभेने त्यांना हक्क देण्यासाठी कायदा केला, पुढे मालकीच्या सनदा हाती पडू लागल्या. पण पडद्यावरचा नकाशा या बदलासोबत चालतो आहे का, याची मला काळजी आहे.

कारण आता लोक आधी नकाशाच उघडतात. सरकारच्या भू-नक्शा संकेतस्थळावर तुकड्याला बोट लावले की एक-चौदाच्या उताऱ्याचा तपशील समोर येतो. फार मोठी सोय आहे ही. मात्र तुकड्याचा आकार एकीकडे साठवलेला असतो, कब्जेदाराचे नाव दुसरीकडे. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग एवढाच दोघांमधला धागा. म्युटेशन, म्हणजे नावाचा फेरफार, हे एक काम; नकाशाची दुरुस्ती हे दुसरे. एक काम रखडले तरी नकाशा दिसायला रेखीवच राहतो आणि चुकीचे सांगत राहतो.

गेल्या पावसाळ्यात एका वाड्याचा असाच नकाशा मी केला. सनद मिळालेला तुकडा हिरवा, अर्ज पडून असलेला पिवळा. सगळे जुळले होते. मग शोधायला बरे म्हणून एक्सेलमधली यादी नावांप्रमाणे लावली, आणि रंग शेजारच्या कुळागरांत जाऊन बसले. ते ओळींच्या क्रमाने भरले होते, सर्व्हे नंबरने नव्हे. एका काकींनी मोबाइलवर आपले घर हिरवे पाहिले. “जालें मरे आमचें!” म्हणाल्या. त्यांचा अर्ज तसाच पडून होता, आणि ते त्यांना मलाच सांगावे लागले.

त्या संध्याकाळी सगळे पुन्हा बांधले. प्रत्येक तुकडा त्याच्या नंबराशी जोडला. यादीची वेगळी प्रत काढणे बंद केले, नकाशा थेट मूळ यादीतून वाचू लागला. ज्याचा नंबर जुळत नाही तो तुकडा करडा दिसतो, गुपचूप गळून पडत नाही. पोटविभाग पडला की जुना आकार आधी निघतो, मगच नवे दोन येतात. माहिती ताजी होताना माणूस जिथे पाहत होता तिथेच राहतो. हे अवघड नाही. सरकारी नकाशांवरही निदान शेवटच्या नोंदीची तारीख तुकड्यागणिक दिसलीच पाहिजे. ती मागण्याचा मयेकरांना पूर्ण हक्क आहे.

काकींचा तुकडा अजून पिवळाच आहे. त्याखाली तारीख लिहिलेली असते, आणि काकी आधी ती तारीख वाचतात.