ढेप आपली, पोतं का विकतचं?

मैत्रिणींनो, सरकीची ढेप भिजवून म्हशीपुढे ठेवणं वऱ्हाडातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. किती भिजवायची, किती घालायची, हे तिचा हातच सांगतो. पण त्याच घरच्या शेततळ्यात मासे सोडले, की खाद्याचं पोतं बाजारातून येतं आणि हिशेब घरधन्याच्या खिशात जातो!

मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. त्यात मासळीची भुकटी असली तर ते आणखी महाग पडतं. समुद्रातली लहान मासळी वाळवून ही भुकटी करतात. म्हणजे माशानं माशालाच खायचं. आपल्या तळ्यातल्या रोहू-मृगळाला तिची फारशी गरज नाही. भुईमुगाची ढेप आणि धानाचा कोंडा सारख्या प्रमाणात, हे त्यांचं जुनं खाद्य. कोंडा भंडारा-गोंदियाकडचा, पण ढेप आपल्याकडे सोयाबीनची आहे. तिच्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात. रोहूला २५ ते ३० टक्के पुरतात. म्हणून तर कोंडा मिसळायचा.

मात्र म्हशीला चालतं ते माशाला चालेलच असं नाही, बरं का! सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. रवंथ करणाऱ्या जनावराला ते बरंचसं सोसतं, पण जास्त झालं तर माशाची वाढ खुंटते. त्यामुळे सरकी ढेप जपूनच. कच्चं सोयाबीन तर नकोच. पचन अडवणारा त्यातला घटक उष्णता दिल्यावरच निकामी होतो. आणि माया म्हणून जास्त टाकू नका. उरलेलं खाद्य तळाशी सडतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, नि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडू लागतात.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, तर महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं गेलं. पण अनुदान कागदावरच्या नावाला मिळतं, राबणाऱ्या हाताला नाही. सातबाऱ्यावर आपलं नाव किती जणींचं आहे? बाईच्या नावावर अर्ज करून व्यवहार दुसऱ्यानंच पाहायचा, तर त्या टक्क्यांचा उपयोग काय?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढाच. चौघी मिळून जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जा, मिश्रणाचं प्रमाण विचारा, आधी थोडंच करून पाहा. आणि पहिल्या दिवसापासून वही घाला. खाद्य कालवणारा हात आपला, तर वहीही आपल्याच हातात हवी.