गिरणीतला कोंडा

पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्यात भात झोडून झालं की पोती गिरणीवर जातात. तांदूळ घरी येतो, कोंडा म्हशीच्या आंबोणात. म्हशीचा वाटा मला मान्यच, पण पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या हट्टापायी आपण काय खरवडून टाकतो? या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं, प्रथिनं असतात, ब१ जीवनसत्त्व असतं. १८९०च्या दशकात जावामध्ये डच डॉक्टर आइकमन यांनी सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. कोंड्यासकट तांदूळ, म्हणजेच हे ब१, मिळताच त्या सावरल्या. मात्र गिरणीतून पडल्या क्षणापासून कोंड्यातलं लायपेज हे विकर तेल फोडू लागतं आणि तो लवकरच खवट होतो. लगेच वाफवला तर टिकतो. वाफेची ती सोय वेल्ह्यातल्या गिरणीशेजारीच व्हावी, असं मला मनापासून वाटतं.